इमारत रिकामी आहे का?

मागच्या वर्षी अनुदानाचा निकाल लागला तेव्हा वस्तीला शंभरपैकी अठ्ठावन्न गुण मिळाले. शाळेत एवढ्या गुणांवर पोरगं वरच्या वर्गात जातं आणि आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे वस्ती नापास झाली. सत्तरेक अर्जांतून नऊ निवडायचे होते आणि नववा अर्ज ऐंशीवर होता. निकालपत्राखाली परीक्षकांचा एकाच ओळीचा शेरा होता : ‘हा अर्ज कोणत्याही वस्तीचा असू शकतो.’

हा शेरा परिशिष्टाच्या जिव्हारी लागला. परिशिष्ट हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो पाणीखात्यात हेडक्लार्क होता, बावन्न वर्षांचा होता आणि कुठल्याही कागदाला मागे चार कागद जोडल्याशिवाय त्याला झोप येत नसे. लग्न ठरल्यावर बायकोला लिहिलेल्या पहिल्या पत्राखालीसुद्धा त्याने ‘सोबत : फोटो एक’ असं लिहिलं होतं. बायकोने ते पत्र जपून ठेवलं होतं, प्रेमापोटी की पुरावा म्हणून, हे तिने कधी सांगितलं नाही.

वस्तीच्या अर्जाला त्याने एकशे अठ्ठेचाळीस पानं खर्ची घातली होती आणि मागे अकरा परिशिष्टं लावली होती. योजना साधी होती. वापरात नसलेल्या सार्वजनिक इमारती दुरुस्त करून वस्तीच्या उपयोगाला आणायच्या, त्यासाठी अनुदान मिळणार. वस्तीकडे अशी एक इमारत होती. जुनं सार्वजनिक धुलाईघर. दगडी हौदांच्या दोन रांगा, मधोमध पुरुषभर उंचीचा बंब आणि वर कपडे वाळवायची लांबलचक खोली. घरोघरी नळ आले, मग यंत्रं आली, आणि नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी दाराला कुलूप लागलं. त्या जागी परिशिष्टाने अर्जात बहुउद्देशीय सभागृह, अभ्यासिका, खुला रंगमंच आणि ‘सर्व वयोगटांच्या विविध गरजा’ असं सगळं मावेल तितकं कोंबून टाकलं होतं. खुल्या रंगमंचावर कोण काय करणार, हे कुणी विचारलं नव्हतं. वस्तीत नाटकं होत, पण ती घरातल्या घरात.

यंदा पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा समितीची बैठक भरली. ती नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या सलूनमध्ये, सुट्टीच्या वारी भरली. अध्यक्ष स्वतः आरशासमोरच्या खुर्चीत बसत, इतर जण मागच्या बाकावर. त्यामुळे सभासदांना अध्यक्षांच्या पाठीशी आणि आरशातल्या तोंडाशी असं दोन्हीकडे बोलावं लागे. शिवणबाई चिटणीस होती. इलेक्ट्रिशियन सभासद होता, कारण कुठल्याही समितीत एक तरी माणूस दिवा लावणारा असावा.

यंदा नवीन एक गोष्ट होती. अर्ज वरच्या यादीत गेला तर पाहणी करायला अधिकारी स्वतः येणार होता. शिवणबाईने नियम मोठ्याने वाचून दाखवले. गरजेला पंचवीस गुण. लोकांच्या सहभागाला वीस. वस्ती स्वतःचा काय वाटा उचलणार, त्याला पंधरा. अनुदान संपल्यावर कोण चालवणार, त्याला पंचवीस. मागच्या वर्षी तिथे परिशिष्टाने ‘लोकसहभागातून’ असा एकच शब्द लिहून तीन गुण मिळवले होते. आणि कामाच्या तयारीला पंधरा, त्यांतले दहा एका प्रश्नाला. प्रश्न सातवा : इमारत रिकामी आहे का?

“रिकामीच तर आहे,” इलेक्ट्रिशियन म्हणाला. “गेल्या वर्षी आपण ‘हो’वर खूण केली होती.”

“आणि आत्या?” शिवणबाईने विचारलं.

अध्यक्षांनी आरशातून परिशिष्टाकडे पाहिलं.

परिशिष्टाची सख्खी आत्या एकतीस वर्षं धुलाईघरात बंब पेटवायच्या कामावर होती. धुलाईघर बंद झालं, तेव्हा नोकरी संपल्याचा कागद तिच्या हातात पडला. पण मागची खोली रिकामी करा असं कुणी सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं काम करायची तिला सवय नव्हती. ती तिथेच राहिली. रोज खिडक्या उघडायची, भिंतींना ओल धरू द्यायची नाही, पन्हळीतला पाला काढायची. हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. फक्त इमारतीत कुणी राहतं का, असा प्रश्न आला की कुणाच्याही डोळ्यांसमोर आत्या येत नसे. भिंतीत कोण राहतं असं विचारलं तर विटांची नावं कोण घेतं? परिशिष्टाने, सख्ख्या भाच्याने, स्वतःच्या हाताने ‘हो, रिकामी’वर खूण केली होती, आणि लबाडीचा लवलेशही मनात नसताना केली होती.

“आत्या नसती तर दहा गुण खिशात होते,” इलेक्ट्रिशियन म्हणाला.

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” शिवणबाई म्हणाली. “नसती काय नसती? आहे ती.”

अध्यक्षांनी मार्ग काढला. अध्यक्ष लोकांच्या डोक्यावरून हात फिरवून पोट भरत, त्यामुळे कुठून किती कापायचं याचा त्यांना अंदाज होता. त्यांचं म्हणणं असं की आत्या परिशिष्टाची. परिशिष्टाच्या घरात माणूस सामावेल एवढी जागा आहे. म्हातारपणी भाच्याकडे राहणं यात कमीपणा नाही. आणि पाहणीच्या आधी तिने तिकडे जावं, म्हणजे सातव्या प्रश्नाचं उत्तर खरं होईल. ते तिला सांगायचं काम अर्थात घरच्या माणसाचं. ठराव एकमताने झाला. परिशिष्टाने हात वर केला होता की नव्हता, हे इतिवृत्तात नीट कळत नाही, आणि इतिवृत्त त्यानेच लिहिलं होतं.

पुढचे तीन दिवस तो आत्याला काय सांगायचं याचे मुद्दे काढत होता. चौथ्या दिवशी मुद्दे संपले आणि सबबीही संपल्या. आत्या पहाटे उठते हे त्याला ठाऊक होतं. ऑफिसच्या आधी जाऊन सांगून टाकावं, असं ठरवून तो साडेपाचला घराबाहेर पडला. बायको घरात नव्हती. ती या वेळी दूध आणायला जाते, असं तिने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. दुधाला पाऊण तास लागतो ही गोष्ट त्याने तेव्हापासून मान्य केली होती. ऑफिसात बसणारा माणूस. रांगांवर त्याची श्रद्धा होती.

धुलाईघराच्या मागच्या बोळात शिरतो तोच समोरून अध्यक्ष आले. काखेत भलंमोठं बोचकं होतं.

“व्यायाम,” अध्यक्ष म्हणाले आणि बोचक्यासकट झपाझपा निघून गेले.

मागचं दार लोटलेलं होतं. परिशिष्टाने ते ढकललं, तर तोंडावर ऊन वाफ आली आणि चष्मा पांढरा झाला. नऊ वर्षं बंद असलेल्या इमारतीत बंब सुरू होता. चष्मा पुसून घातल्यावर त्याला आधी दोऱ्यांवर टांगलेल्या चादरी दिसल्या, मग आत्या दिसली, आणि मग शेवटच्या हौदाशी, कोपरापर्यंत बाह्या सारून चादर खळबळत उभी असलेली त्याची बायको दिसली.

“दूध?” त्याने विचारलं.

“जाताना घेते,” बायको म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. परिशिष्टाचे वडील, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दोन वर्षांपासून पडून होते. चादर दिवसातून दोनदा, कधी तीनदा बदलावी लागे. घरातल्या यंत्रात जाड पांघरूण मावत नसे, आणि गॅलरीत रोज चादरी दिसल्या की म्हातारा भिंतीकडे तोंड करून जेवण टाळत असे. परिशिष्टाची बायको एकदा हरून आत्याकडे आली होती. आत्या एवढंच म्हणाली होती, उद्यापासून आण. परिशिष्टाला यातलं काही ठाऊक नव्हतं. वडिलांच्या खाटेवर चादर नेहमी स्वच्छ असे. स्वच्छ असणं हा चादरींचा स्वभावच असावा, असं त्याने गृहीत धरलं होतं.

आणि एकटी त्याची बायकोच नव्हती. घरात कुणी पडून असलेलं, कुणाचा ताबा गेलेला, कुणी ऑपरेशनहून आलेलं, अशी अठरा घरं होती. पहाटे दहा, संध्याकाळी आठ. आत्याने प्रत्येक घराला पंधरा मिनिटांची वेळ नेमून दिली होती, अशी की येणाऱ्याला जाणारा दिसू नये. चादरींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराच्या चादरीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका होता. नाव कशावरही नव्हतं. अठरा घरांतल्या प्रत्येकाची अशी समजूत होती की हे संकट आपल्यावर एकट्यावरच आलंय आणि आत्या केवळ आपल्यासाठी बंब पेटवते. वर हीच अठरा घरं समितीच्या सभेला पुढच्या दाराने येत आणि या पडीक जागेचं काहीतरी करायला हवं, यावर माना डोलावत.

परिशिष्टाच्या डोक्यात कागद सरसर फिरू लागले. वर्षभर शोधूनही जी गरज त्याला सापडली नव्हती, ती समोर दोरीवर वाळत होती. कोणत्याही वस्तीचा नव्हे, याच वस्तीचा अर्ज. तो म्हणाला की हे लिहायलाच हवं, आकड्यांसकट, घरांसकट.

“एक अक्षर लिहायचं नाही,” आत्या म्हणाली. ती त्याच्यावर कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. “अठरा जणांना शब्द दिलाय. माणूस पहाटे तोंड लपवून येतं, ते तू कागदावर मांडणार?”

मग त्याला ज्यासाठी आला होता ते सांगावं लागलं. काढलेल्या मुद्द्यांपैकी एकही आठवला नाही. सातवा प्रश्न, पाहणी, अध्यक्षांचा ठराव, आपल्या घरातली पलीकडची खोली, असं त्याने कसंबसं सांगितलं. बायको हौदाशी खाली मान घालून उभी होती. पाणी हलायचं थांबलं होतं.

“मी राहते कुठे इथे? मी सांभाळते,” आत्या म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारलं, “मी गेले तर किती गुण वाढतात?”

“दहा.”

“शाळेत मला गणितात सात मिळाले होते. दहा म्हणजे बरेच आहेत.” तिने दोरीवरची एक चादर सारखी केली. “कधी जायचं ते आदल्या दिवशी सांग. अठरा घरांना निरोप द्यावा लागेल. काय निरोप द्यायचा ते तू लिहून दे. तुला जमतं.”

तो ऑफिसात गेला आणि कागद पुढे ओढून बसला. आजवर त्याने नळजोडण्या तोडण्याच्या नोटिसा लिहिल्या होत्या, वरिष्ठांच्या निरोपसमारंभाची मानपत्रं लिहिली होती, एकदा तर एकाच दिवशी एकाच माणसाविरुद्धची तक्रार आणि त्या तक्रारीचं उत्तर अशी दोन्ही लिहिली होती. आज कागदावर ‘विषय :’ एवढंच उमटलं. दुपारपर्यंत विषयापुढची दोन टिंबं वाळून गेली.

संध्याकाळी बायको पलीकडच्या खोलीतलं सामान आवरत होती. आत्या येणार म्हणून. तो दारात उभा राहून बघत होता. बायकोने एक पेटी त्याच्या हातात दिली, दुसरी स्वतः उचलली आणि मग खाली ठेवली.

“आत्याबाई इथे आल्या तर माझ्यावर उपकारच आहेत,” ती म्हणाली. “पण त्या इथे नुसत्या बसतील. तुम्ही त्यांना बसलेलं कधी पाहिलंय?”

त्याने पाहिलं नव्हतं.

“त्यांनी शब्द दिलाय, ठीक. तुम्ही कुणाला दिलाय? आपल्या घरचं आपण सांगायला काय हरकत आहे?”

“आपल्या घरचं म्हणजे बाबांचं.”

“मग बाबांना विचारा. त्यांची कंबर गेलीय, कान शाबूत आहेत.”

वडील आयुष्यभर सुतारकाम केलेले. खाटेवर पडल्या पडल्या ते छताच्या तुळया बघत आणि कोणत्या सुताराने कुठे चुकवलंय ते मोजत. परिशिष्टाने त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, फिरवून फिरवून. चादरी, आत्या, अठरा घरं, सातवा प्रश्न. सभेत आपल्या घराचं सांगू का, असं शेवटी विचारलं.

“चादरी तिच्या हातच्या आहेत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” वडील म्हणाले. “कडा आत दुमडून घडी घालायची तिची खोड आहे. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती, तेव्हापासूनची.”

“मग मला सांगितलं नाहीत?”

“तुला सांगून काय? तू मागे चार कागद जोडले असतेस.”

त्यांनी छताच्या तुळईवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “सांग. पण ‘अंथरुणाला खिळलेले’ असं म्हणू नकोस. खिळे मी ठोकले, मला कुणी ठोकत नाही. ‘पडून असतात’ म्हण. आणि तिला त्या खोलीतून काढू नकोस. एवढं माझ्या नावावर लिही.”

पुढच्या सुट्टीच्या वारी बैठक भरली. या वेळी बरीच घरं आली होती, कारण पाहणीला कुणी काय बोलायचं ते ठरवायचं होतं. सलूनमध्ये दाटीवाटीने लोक उभे होते. अध्यक्षांनी आरशातून विचारलं की आत्याचं काय झालं.

परिशिष्ट उठला. हातात एकही कागद नव्हता, हे लोकांच्या लक्षात आलं.

“माझे वडील दोन वर्षं पडून असतात,” तो म्हणाला. “त्यांच्या चादरी आत्या धुते. धुलाईघरात, रोज. माझी बायको नेते. मला गेल्या आठवड्यात कळलं. धुलाईघर रिकामं नाही. ते आत्यामुळे चालू आहे. निदान माझ्या घरापुरतं तरी. वडिलांना विचारून सांगतोय.”

तो खाली बसला. याहून लहान भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियन छतावरच्या दिव्याचं निरीक्षण करू लागला. मग एक करकर ऐकू आली. अध्यक्षांनी आपली खुर्ची फिरवली. ते लोकांकडे तोंड करून बसलेले वस्तीने प्रथमच पाहिलं, आणि आरशातल्यापेक्षा ते थोडे म्हातारे दिसत होते.

“माझी आई,” ते म्हणाले. “चार वर्षं.” मग परिशिष्टाकडे बघून, “व्यायाम वगैरे काही नाही.”

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने गाठ सैल झाली. इलेक्ट्रिशियनने दिव्यावरची नजर न काढता सासूबाई म्हटलं. मागून कुणी थोरला भाऊ म्हटलं, कुणी नुसताच हात वर केला. शिवणबाईने वही मिटली.

“माझ्याकडे दुसरं कुणी नाही,” ती म्हणाली. “ऑपरेशन झाल्यापासून माझं स्वतःचंच असतं.”

तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि हे त्या दिवशी वस्तीने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम होतं. अध्यक्षांच्या बायकोने फक्त सरकून तिला बाकावर जास्त जागा करून दिली.

अठरापैकी चौदा घरांनी स्वतःहून सांगितलं की आम्हाला मोजा, नाव घालू नका. उरलेली चार कोणती, हे कुणी शोधलं नाही. परिशिष्टाने आत्याला विचारलं की आता शब्द मोडला का. ती म्हणाली की ज्याने त्याने आपलं तोंड उघडलं, त्याला ती काय करणार. पण त्या चौघांच्या वेळेला बोळात कुणी फिरकायचं नाही.

नवा अर्ज एकोणीस पानांचा झाला. खुला रंगमंच गेला, बहुउद्देशीय सभागृह गेलं, विविध गरजा तर पहिल्याच फटक्यात गेल्या. राहिलं ते इतकं : गळकं छप्पर, म्हातारा बंब, वाळवणाची खोली, आणि पुढे एक बसायची जागा, जिथे दिवसरात्र आजाऱ्याजवळ असणारा माणूस घटकाभर दुसऱ्या तशाच माणसाजवळ बसेल. गरजेखाली चौदा घरं आणि आठवड्याच्या चादरी. घरोघर फिरणाऱ्या नर्सने स्वतःहून पत्र दिलं की या वस्तीतल्या पडून असलेल्या माणसांच्या पाठीला जखमा कमी होतात आणि तिला त्याचं कारण आता कळलं. वस्तीचा वाटा म्हणून इलेक्ट्रिशियनने तारा बदलायचं काम लिहून दिलं, आणि परिशिष्टाच्या वडिलांनी खाटेवरून लाकडी मांडण्यांची मापं सांगितली. दोन सुतार ती त्यांच्या समोर उतरवून घेऊन गेले आणि दोघांनाही बोलणी बसली. अनुदान संपल्यावर कोण चालवणार, इथे ‘लोकसहभागातून’ नव्हतं. कोणत्या वारी कोणतं घर बंबावर, असा तक्ता होता. त्यात अध्यक्षांचे दोन वार होते.

सातव्या प्रश्नाशी येऊन परिशिष्ट थबकला. दहा गुण सरळ सरळ जात होते. त्याची लेखणी खुलासा जोडायला, तळटीप द्यायला, निदान ‘तांत्रिकदृष्ट्या’ हा शब्द घालायला सळसळत होती. शिवणबाई शेजारी उभी होती. शेवटी त्याने लिहिलं : ‘नाही. इमारतीत एक बाई राहतात. त्या इमारत सांभाळतात. त्यांना हलवलं तर हा प्रकल्प उरत नाही.’

पाहणीला एक तरुण अधिकारी बाई आल्या, खांद्याला पिशवी, पायात धावायचे बूट. पुढच्या दाराचं कुलूप गंजून बसलेलं, त्यामुळे वस्तीला त्यांना मागच्या बोळातूनच न्यावं लागलं. आत्याने काही आवरलं नव्हतं. अधिकारी बाईंनी छप्पर पाहिलं, बंब पाहिला, तक्ता वाचला. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, की मदत मिळाली नाही आणि हे बंद पडलं तर काय कराल.

“नऊ वर्षं बंदच आहे,” आत्या म्हणाली.

अधिकारी बाईंची लेखणी थांबली. थोड्या वेळाने त्यांनी दोरीवरच्या एका चादरीचा कोपरा हातात घेतला आणि हा निळा टाका कुणाच्या घरचा, म्हणून विचारलं.

“ते नाही सांगता येणार,” आत्या म्हणाली. “त्यात गुण कापले जात असतील तर कापा.”

परिशिष्टाने डोळे मिटले. अध्यक्षांनी आरसा शोधला, पण तिथे आरसा नव्हता. अधिकारी बाईंनी कोपरा सोडून दिला, वहीत बरंच काही लिहिलं आणि जाताना आत्याला नमस्कार केला.

निकाल सात आठवड्यांनी लागला. पत्र पाणीखात्याच्या पत्त्यावर आलं. परिशिष्टाने ते टेबलावर तीनदा वाचलं आणि मधल्या सुट्टीत, छत्री आणि डबा दोन्ही विसरून, धुलाईघर गाठलं. आत्या एकटीच होती. तिने नुकतंच एक जाड पांघरूण हौदातून वर काढलं होतं आणि ते पाण्याने इतकं जड झालं होतं की तिच्या दोन्ही हातांतून निसटू बघत होतं.

“आत्या, पत्र आलंय.”

“कागद भिजेल. तिकडे ठेव आणि हे टोक धर.”

त्याने पत्र खिडकीत ठेवून टोक धरलं. ती उजवीकडे पिळू लागली, तोही उजवीकडे पिळू लागला. पांघरूण नुसतंच दोघांमध्ये गोल फिरत राहिलं, पाण्याचा थेंब पडेना.

“माझ्याबरोबर फिरू नकोस, माझ्या उलट फीर,” आत्या म्हणाली. “तुझी बायको पहिल्या दिवशी शिकली.”

तो उलट फिरला. पांघरूण ताठ झालं, आणि पाणी धबाधबा त्याच्या ऑफिसच्या बुटांवर पडलं.

“वाच आता, काय लिहिलंय.”

“हात गुंतलेत.”

“तुझं पाठ असेल.”

त्याचं पाठ होतं. अनुदान मंजूर. त्र्याऐंशी गुण. सातव्या प्रश्नाला शून्य. त्याने आणखी एक पीळ दिला आणि शेवटची अट म्हणून दाखवली : ‘सध्याच्या देखभालकर्तीच्या निवासाची सोय आराखड्यात कायम ठेवण्यात यावी. यात बदल केल्यास मंजुरी रद्द समजली जाईल.’

आत्या थांबली. पीळ तिने सोडला नाही.

“निवास म्हणजे खोली ना?”

“खोलीच.”

“मग खोली लिहायला काय झालं होतं त्यांना,” ती म्हणाली आणि तिने तोंड बाजूला केलं. वाफ फार होती. “दादाला सांगितलंस?”

“आधी इथेच आलो.”

“त्याला आधी सांगायचं. तो वाट बघत असेल.” तिने आपल्या टोकाला शेवटचा पीळ दिला, तो पुरता बसेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “सोड आता हळूच. माझ्याकडे दे. जा तू.”